फरकातली वीज

2020 साली टाळेबंदी सैल झाली तेव्हा पुणे-सोलापूर रस्त्यावर ज्या दारात जावं तिथे एक माणूस हातात टेम्परेचर गन घेऊन उभा असे. पाटसच्या बँकेत, कारखान्याच्या फाटकाशी, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांत, सगळीकडे तेच. ती गन कपाळासमोर यायची, आकडा उमटायचा आणि आपण आत जायचो. आकडा दाखवण्यासाठी गनमध्ये बॅटरी असते. ताप ओळखायचं मूळ काम मात्र बॅटरीचं नाही. गनच्या तोंडाशी थर्मोपाईल नावाचा एक इवलासा भाग बसवलेला असतो. कपाळातून सतत बाहेर पडणारे उष्णतेचे किरण त्याच्यावर पडतात, त्याची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित तापते आणि त्या किंचित फरकातून वीज तयार होते. ही वीज व्होल्टच्या काही लाखांश ते काही हजारांश भागाइतकी असते, आणि तिच्यावरूनच आकडा ठरतो. म्हणजे त्या वर्षी या रस्त्यावरून गेलेल्या प्रत्येकाच्या अंगच्या उष्णतेची वीज झाली होती. ती किती थोडी होती आणि कुठून आली, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही इतकंच.

ही पुस्तिका त्या थोड्या विजेबद्दल आहे. दौंड-शिरूर पट्ट्यातली हायस्कूलची मुलं, त्यांचे विज्ञानाचे शिक्षक, वायरमन, गुऱ्हाळवाले आणि घरी काही खटपट करून पाहणारे लोक डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे. प्रस्तावना लांबली आहे, कारण पुढच्या प्रयोगांना हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी नीट बोलून घ्यायला हव्यात. पहिली, ही वीज नेमकी कशापासून मिळते. दुसरी, ती कुठे शोधावी आणि कुठे शोधू नये. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण या विषयात उत्साहाच्या भरात चुकीच्या जागी वर्षं घालवणारे लोक पुष्कळ आहेत.

आधी पहिली गोष्ट. उष्णतेपासून वीज मिळते असं आपण म्हणतो, पण नुसत्या उष्णतेपासून काहीच मिळत नाही. मे महिन्यातल्या दुपारी पाटसच्या माळावर उष्णतेला काय कमी आहे? जमीन तापलेली, हवा तापलेली, पत्रे तापलेले. तरी सगळंच एका तापमानाला आलं असेल, तर तिथून एक दिवाही लागणार नाही. वीज मिळते ती दोन तापमानांमधल्या फरकातून. खडकवासल्याहून दौंड-इंदापूरकडे येणारा मुठा उजवा कालवा वाहतो तो उतार आहे म्हणून. धरणात पाणी कितीही असलं तरी उताराशिवाय ते इथे पोचलं नसतं. उष्णतेचंही तसंच आहे. ती गरमाकडून गाराकडे जाते आणि जाताना वाटेत तिच्याकडून काम करून घेता येतं. फ्रान्सच्या सादी कार्नोने 1824 मध्ये हे वाफेच्या इंजिनाच्या निमित्ताने मांडलं. फरक किती आहे यावर कामाची कमाल मर्यादा ठरते आणि ती कुठल्याही कारागिराला ओलांडता येत नाही, हे त्याच्या विचारातून पुढे सिद्ध झालं. ही मर्यादा या प्रस्तावनेत पुन्हा पुन्हा येईल.

वाफ, पिस्टन, चक्र यांपैकी काही न वापरता फरकातून थेट वीज मिळते, हे थोमास झेबेक या जर्मन संशोधकाला 1821 मध्ये बर्लिनमध्ये दिसलं. दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या दोन्ही टोकांना जोडून त्याने एक वेटोळं केलं आणि एक सांधा तापवला. जवळ ठेवलेल्या होकायंत्राची सुई हलली. उष्णतेमुळे धातूत चुंबकत्व आलं असं त्याला वाटलं, आणि वेटोळ्यातून विजेचा प्रवाह वाहतोय म्हणून सुई हलते, हे इतरांनी सांगितल्यावरही त्याला ते पटलं नाही. त्याचं नाव मात्र या परिणामाला कायमचं चिकटलं. पुढे 1834 मध्ये पॅरिसच्या झाँ पेल्तियेने उलटा खेळ पाहिला: अशा सांध्यातून वीज सोडली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते. आज दुकानात ‘पेल्टियर’ म्हणून जी चौकोनी पांढरी वडी मिळते ती त्याच्याच नावाची. तीच वडी उलटी वापरली, म्हणजे फरक देऊन वीज घेतली, की ती या पुस्तिकेच्या कामाची होते.

या इतिहासातली एक गोष्ट शाळेच्या पुस्तकात यायला हवी होती असं मला नेहमी वाटतं. दहावीच्या आतच आपण ओहमचा नियम शिकतो. जॉर्ज ओहम हा कोलोनमधला शाळामास्तर. त्या काळातल्या रासायनिक बॅटऱ्यांचा दाब मोजता मोजताच खाली यायचा, त्यामुळे त्याची मापं एकमेकांशी जुळेनात. मग त्याने बिस्मथ आणि तांब्याचा जोड घेतला, एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला आणि दुसरा बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर फरक शंभर अंशांचाच राहणार, म्हणून दाबही स्थिर राहणार. 1826 मध्ये प्रसिद्ध झालेली त्याची मापं अशा विजेवर घेतलेली होती. विजेच्या अभ्यासाचा पाया ज्या नियमावर उभा आहे तो नियम तापमानाच्या फरकातून आलेल्या अगदी थोड्या, पण भरवशाच्या विजेने मिळवून दिला. ‘थोडी’ आणि ‘भरवशाची’ हे दोन्ही शब्द वाचकाने लक्षात ठेवावेत.

धातूच्या आत काय होतं ते थोडक्यात सांगतो, पहिल्या प्रकरणात ते आकृत्यांसह येईल. धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन गरम टोकाला जास्त जोराने हलतात आणि गार टोकाकडे सरकतात. त्यामुळे दोन टोकांमध्ये विजेचा दाब तयार होतो. धातूंमध्ये हा दाब एका अंशाला काही मायक्रोव्होल्टच असतो. क्रोमेल आणि अल्युमेल या दोन मिश्रधातूंच्या जोडीला एका अंशाला सुमारे 41 मायक्रोव्होल्ट मिळतात. बिस्मथ आणि टेल्युरियमच्या संयुगात तो 200 मायक्रोव्होल्टच्या आसपास जातो. 1954 साली इंग्लंडमध्ये ज्युलियन गोल्डस्मिड यांनी या संयुगाचा उपयोग दाखवला, आणि साध्या तापमानाला त्याच्यापेक्षा फार चांगलं असं बाजारात अजूनही काही आलेलं नाही. अडचण अशी आहे की या कामाच्या पदार्थातून वीज सहज वाहिली पाहिजे, पण उष्णता मात्र अडली पाहिजे. उष्णता भराभर पलीकडे गेली तर फरकच उरत नाही. निसर्गात वीज चांगली वाहून नेणारे पदार्थ बहुधा उष्णताही चांगली वाहून नेतात. गेल्या सत्तर वर्षांतलं या क्षेत्रातलं सगळं संशोधन या एका पेचाभोवती फिरतं.

आता आपल्या शरीराकडे येऊ. सगळ्यांना कुतूहल त्याचंच असतं.

दिवसाला दोन हजार किलोकॅलरी अन्न खाणारा माणूस चोवीस तासांत सरासरी 97 वॉट उष्णता बाहेर टाकतो. दिवसभर कोयता चालवणारा ऊसतोड कामगार काम करताना याच्या कितीतरी पट उष्णता टाकतो. शंभर वॉट हा आकडा ऐकला की मन लगेच हिशेब करायला लागतं: एवढ्यात पंखा चालेल, दिवा लागेल, मोबाइल चार्ज होईल. इथे कार्नो आडवा येतो. कातडीचं तापमान साधारण 33 अंश आणि हवेचं 25 अंश धरलं तर आठ अंशांच्या या फरकातून कुठल्याही यंत्राला जास्तीत जास्त अडीच टक्क्यांच्या आसपास काम मिळू शकतं. आजच्या चांगल्या पदार्थांना या कमाल मर्यादेच्या सहाव्या भागाइतकं जमतं. म्हणजे अंगभर वड्या लावल्या आणि सगळं मनासारखं घडलं, तरी अर्धा वॉटही हाती येणार नाही.

आणि मनासारखं घडतही नाही. कातडी आणि हवा यांच्यामधला आठ अंशांचा फरक सगळाच वडीला मिळत नाही. अंगाला चिकटून हवेचा एक पातळ, स्तब्ध थर असतो आणि उष्णता अडवण्याचं बहुतेक काम तोच करतो. पातळ वडीच्या वाट्याला जेमतेम एखादा अंश येतो, बरेचदा तेवढाही नाही. म्हणून प्रत्यक्षात मनगटावर एका चौरस सेंटिमीटरला वीस-तीस मायक्रोवॉट मिळाले तरी ते उत्तम मानले जातात. हाताच्या तळव्यावर मावेल एवढा, वीस चौरस सेंटिमीटरचा पट्टा घेतला तर 0.4 मिलिवॉट. आजच्या मोबाइलच्या बॅटरीत साधारण 15 वॉट-तास ऊर्जा मावते. या पट्ट्यावर ती एकदा पूर्ण भरायला साडेसदतीस हजार तास लागतील, म्हणजे चार वर्षांहून जास्त, आणि तेही पट्टा क्षणभर न काढता. अंगाच्या उष्णतेवर मोबाइल चार्ज करून दाखवणारे व्हिडिओ मुलं माझ्याकडे आणतात. त्यांना मी हा हिशेब फळ्यावर करायला लावतो.

त्यात पाटसचं हवामान आपलं स्वतःचं गणित घालतं. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा चाळिशीला टेकतो. हवा कातडीइतकी, म्हणजे 34-35 अंशांना आली की फरक शून्य होतो आणि मनगटावरची वीजही शून्य होते. हवा त्याहून तापली तर प्रवाहाची दिशा उलटते: उष्णता हवेतून अंगात येऊ लागते आणि घाम हाच शरीराचा एकमेव आधार उरतो. युरोपातल्या प्रयोगशाळांत 20-22 अंशांच्या खोलीत मोजलेले आकडे इथल्या उन्हाळ्याला लावून चालत नाहीत, ते यासाठी. उलट डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांवर उतरलेला असतो, रात्रपाळीची वीज आली म्हणून शेतकरी उसाला पाणी द्यायला बाहेर पडलेला असतो, आणि त्या वेळी तळहात आणि हवा यांच्यात वीस अंशांचा फरक असतो. कॅनडाच्या अ‍ॅन माकोसिन्स्की या शाळकरी मुलीने अशाच फरकावर चालणारी पोकळ विजेरी बनवली आणि 2013 साली गूगलच्या विज्ञान स्पर्धेत बक्षीस मिळवलं. फिलिपाइन्समधल्या तिच्या मैत्रिणीच्या घरी वीज नव्हती, अभ्यासाला उजेड नव्हता, त्यातून तिला ही कल्पना सुचली होती. तिसऱ्या प्रकरणात आपण तशी विजेरी बनवणार आहोत. तिच्या उजेडात मोटरच्या पेटीवरचं बटण दिसेल, पायाखालचा बांध दिसेल. शिरूर-दौंडच्या उसात बिबट्या आहे हे ध्यानात घेऊन स्पष्ट सांगतो: रात्री शेतात जाताना या विजेरीवर विसंबू नका, चार्ज केलेली मोठी बॅटरी सोबत हवीच.

मग शरीराच्या उष्णतेची वीज निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. तिला तिच्या मापाचं काम दिलं पाहिजे. मनगटी घड्याळाला मायक्रोवॉट पुरतात. जपानच्या सेइको कंपनीने 1998 मध्ये ‘थर्मिक’ नावाचं घड्याळ काढलं. ते हाताच्या उष्णतेवर चाले आणि हातातून काढलं की साठवलेल्या विजेवर वेळ राखे. बेल्जियममधल्या आयमेक या संशोधन संस्थेत 2007 च्या सुमारास कपाळावर बांधायचा एक पट्टा तयार झाला. डोक्याच्या उष्णतेपासून मिळणाऱ्या दोनेक मिलिवॉटवर तो मेंदूतल्या लहरी मोजायचा आणि बिनतारी पाठवायचा. त्याही आधी, 1970 मध्ये, पॅरिसमध्ये एका रुग्णाच्या छातीत अणुऊर्जेवरचा पेसमेकर बसवला गेला. त्यात प्लुटोनियमच्या कणाची उष्णता आणि शरीराचं तापमान यांच्या फरकातून वीज तयार होई आणि हृदयाला ठोका मिळे. पुढे लिथियमच्या बॅटऱ्या आल्या आणि तो मागे पडला. पण बॅटरी बदलण्यासाठी छाती पुन्हा उघडावी लागू नये, ही त्यामागची ओढ आजही तितकीच खरी आहे.

गायीचंही इथे सांगायला हवं. दौंड तालुक्यात दारोदार संकरित गायी आहेत. गायीच्या शरीराचं तापमान साडेअडतीस अंशांच्या आसपास असतं आणि दुभती मोठी गाय हजार वॉटच्या आसपास उष्णता बाहेर टाकते. जनावरांच्या कानात आज बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो, तो मुका असतो. तोच बिल्ला कानाच्या उष्णतेवर चालून जनावराचा ताप दिवसातून चार वेळा कळवू लागला, तर डॉक्टर वेळेवर येईल. माझ्या मते अंगच्या उष्णतेच्या विजेचं आपल्या भागातलं सर्वांत मोलाचं काम हे असेल, माणसापेक्षा जनावराच्या अंगावरचं. जनावराला ‘बॅटरी संपली’ असं सांगता येत नाही आणि शंभर जनावरांच्या बॅटऱ्या बदलत फिरायला कुणाला वेळ नसतो.

आता मी ज्याच्यासाठी ही पुस्तिका लिहायला घेतली त्या मुद्द्याकडे येतो. शरीर हा फरकाचा फार तोकडा झरा आहे. पाटसच्या आसपास फरकाचे मोठे झरे रात्रंदिवस वाहतात आणि त्यांच्याकडे कुणी या नजरेने पाहत नाही. केडगाव, यवत, पाटस या पट्ट्यात गुऱ्हाळं आहेत. चरकातून रस निघतो, काहिलीत पडतो, खाली चुलवणात वाळलेलं चिपाड धडाडून पेटलेलं असतं. रस उकळत शंभर अंशांवर, गूळ होताना 118 च्या आसपास, आणि चिमणीतून जाणारा धूर त्याच्या कितीतरी वर. पाच-सात फुटांत शेकडो अंशांचा फरक. घरोघरी तांब्याचा बंब अजून पेटतो: आतल्या नळीत जाळ, बाहेर पाणी, मध्ये तांब्याचा पत्रा. चुलीवर भाकरी होते, बाजूला पाण्याचं पातेलं तापतं. इथे शोधा.

चांगल्या वडीतूनही तीन-चार टक्के उष्णतेचीच वीज होते, उरलेले शहाण्णव टक्के उष्णता म्हणूनच पलीकडे जातात. हा आकडा ऐकून पुष्कळ जण नाक मुरडतात आणि विषय सोडून देतात. पण ती उरलेली उष्णता पलीकडे जाऊन कुठे पोचते, हे विचारलं पाहिजे. बंबाच्या जाळ आणि पाणी यांच्यामध्ये वडी बसवली तर तिच्यातून गेलेली सगळी उष्णता पाण्यातच जाते, आणि पाणी तर तापवायचंच होतं. गुऱ्हाळात काहिलीत पडण्याआधीचा गार रस वडीच्या गार बाजूने फिरवला तर ती उष्णता रसात जाते, आणि रसही तापवायचाच होता. अशा जागी चार टक्के ही तूट नाही, वरकड आहे. जिथे उष्णता कुणाला तरी हवी म्हणून आधीच वाहते आहे, तिच्या वाटेत वडी ठेवायची. हे सूत्र सापडलं की जागा निवडणं सोपं होतं. ज्या जागी गार बाजू गार ठेवायला वेगळा पंप किंवा पंखा लावावा लागतो, ती जागा बहुधा सोडून द्यावी.

मिळालेल्या विजेचं काय करायचं? दिवा लावता येईल, मोबाइल हळूहळू चार्ज होईल. सोव्हिएत रशियात असं काही घडलेलं आहे. लेनिनग्राडच्या अब्राम इयोफ्फे यांच्या संशोधनातून 1950 च्या दशकात रॉकेलच्या कंदिलावर बसवायचा एक जनित्र-मुकुट निघाला. कंदील उजेड देई, आणि त्याच्या काचेवरून वर जाणाऱ्या उष्णतेवर रेडिओ चाले. वीज न पोचलेल्या खेड्यांत माणसं कंदिलाखाली बसून त्याच कंदिलाच्या जोरावर बातम्या ऐकत. आज मात्र दिव्यासाठी आणि मोबाइलसाठी सौर पॅनेल जास्त स्वस्त आणि जास्त सोपं आहे, हे मान्य केलंच पाहिजे. पाटसला वर्षातले बहुतेक दिवस कडक ऊन असतं. तिथे चुलीवरच्या विजेने सौर पॅनेलशी स्पर्धा करू नये.

चुलीच्या विजेचं खरं काम चुलीतच आहे. लाकूड किंवा चिपाड धूर करतं ते हवा अपुरी पडते म्हणून. जाळाला योग्य जागी हवेचा झोत मिळाला की धुरातले जळण्याजोगे वायूही जळून जातात, सरपण कमी लागतं आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत धूर जात नाही. त्या झोतासाठी लागणाऱ्या छोट्या पंख्याला एक वॉट पुरतो. हा एक वॉट चूलच देऊ शकते: जाळ वडी तापवतो, वडी पंखा फिरवते, पंखा जाळ फुलवतो. तार नको, बॅटरीची चिंता नको, आणि जाळ नसेल तेव्हा पंख्याची गरजही नसते. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या बायोलाइट कंपनीने या तत्त्वावर आधी सहलीची आणि मग घरगुती शेगडी काढली. घरगुती शेगडी भारतातही आणून पाहिली. गॅस सिलिंडर घरात आला तरी अंघोळीचं पाणी, जनावरांची आंबोण आणि लग्नकार्याचा स्वयंपाक आपल्याकडे लाकडा-चिपाडावरच होतो. तेव्हा हा प्रश्न संपलेला नाही. या पुस्तिकेतलं सर्वांत मोठं प्रकरण पंख्याच्या चुलीचं आहे आणि माझा सगळ्यात जास्त जीवही त्याच्यातच गुंतला आहे.

हे काम परदेशातून उचलून आणायचं आहे असं वाचकाला वाटायला नको. टाकाऊ म्हणून पेटवून दिल्या जाणाऱ्या गोष्टींकडे नीट पाहण्याची परंपरा याच टापूत आहे. पुण्याच्या आरती या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेतात जाळल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची भट्टी विकसित केली आणि संस्थेला 2002 साली ब्रिटनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी ‘नूरी’ कंदील घडवला आणि उसाचं पाचट-चिपाड वायूरूप करून जाळणाऱ्या गॅसिफायरवर काम केलं. यांतलं काहीही तापविद्युत, म्हणजे तापमानाच्या फरकातून थेट वीज देणारं, नाही. पण गावातल्या जाळाकडे प्रयोगशाळेच्या शिस्तीने पाहायचं आणि मापं घेतल्याशिवाय बोलायचं नाही, हे त्यांच्याकडून शिकायला मिळतं.

पाटसच्या भीमा सहकारी साखर कारखान्यासारख्या मोठ्या कारखान्यात ही वडी लावावी का, असा प्रश्न शिक्षकांकडून येतो. उत्तर साधं आहे: जिथे वाफ आहे, तिथे टर्बाइन जिंकतं. साखर कारखान्यांत बगॅस जाळून वाफ करतात, वाफेवर टर्बाइन फिरतं आणि त्याच वाफेवर पुढे रस आटवला जातो. वाटेतल्या उष्णतेकडून काम करून घेण्याचं मघाचं सूत्र तिथे मेगावॉटच्या मापाने आधीच वापरलं जातं. आपल्या वडीची जागा आहे ती टर्बाइन बसवणं परवडत नाही अशा छोट्या जाळांवर. बाकी थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायला वापरलेला दोन धातूंचा सांधा, ही बॉयलरवर काम करणाऱ्यांच्या रोजच्या वापरातली वस्तू आहे. 300 अंशांना क्रोमेल-अल्युमेलचा थर्मोकपल बारा मिलिव्होल्ट देतो आणि पॅनेलवर तापमान दिसतं. झेबेकचा शोध जोखमीच्या जागी गुपचूप राबतो. काही गॅस शेगड्यांत बर्नरला लागून तांब्याच्या रंगाची एक छोटी कांडी असते, तीही थर्मोकपलच. ज्योत पेटलेली असेपर्यंत ती वीस-तीस मिलिव्होल्ट देते आणि त्यावर झडप उघडी राहते. दूध उतू जाऊन ज्योत विझली की कांडी गार होते आणि झडप मिटते. इतक्याशा विजेने किती घरं वाचली असतील याची मोजदाद कुणी केलेली नाही.

पदार्थांच्या संशोधनात आपल्याकडचा वाटा मोठा आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात शिसं आणि टेल्युरियमच्या संयुगांपासून उच्च तापमानाला चालणारी उपकरणं बनवली गेली आहेत. याच केंद्राने बनवलेली, किरणोत्सारी पदार्थाच्या उष्णतेवरची दोन छोटी ऊबयंत्रं 2023 च्या चांद्रयान-3 च्या प्रणोदन भागासोबत चंद्राभोवती गेली. त्यांतून वीज घेतलेली नाही, फक्त ऊब. पण पुढची पायरी वीज घेण्याचीच आहे. नासाची दोन्ही व्हॉयेजर यानं 1977 मध्ये अशा उष्णतेच्या विजेवर निघाली आणि ताऱ्यांमधल्या अवकाशातूनही त्यांनी संदेश पाठवले. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात कनिष्क बिस्वास यांच्या गटाने 2021 मध्ये चांदी, अँटिमनी आणि टेल्युरियमच्या संयुगाची गुणवत्ता जगात फार थोड्यांना साधलेल्या पातळीवर नेली. टेल्युरियम मात्र दुर्मीळ आहे, तांबं शुद्ध करताना उरलेल्या गाळातून ते मिळतं. म्हणून मॅग्नेशियम आणि सिलिकॉनसारख्या मुबलक द्रव्यांपासूनचे पदार्थ शोधणं चालू आहे. गुऱ्हाळावर लागणारी वडी उद्या कदाचित त्यांचीच असेल.

जाळ नसेल तिथे फरक कुठून आणायचा? दोन जागा सांगतो, दोन्ही रोजच्या पाहण्यातल्या. कोरड्या उन्हाळ्यात माठातलं पाणी हवेपेक्षा दहा अंशांहून जास्त गार असू शकतं. हा फरक बाष्पीभवनाने फुकट तयार केलेला असतो, आणि शरीराची वीज जेव्हा शून्यावर येते नेमक्या त्याच दुपारी तो सर्वांत मोठा असतो. दुसरी जागा रात्रीचं आभाळ. निरभ्र रात्री उघड्यावरची पानं आपली उष्णता थेट आभाळाकडे टाकतात आणि हवेहून गार होतात, म्हणून ज्वारीवर दव पडतं. आश्वथ रामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये याच गारव्याचा उपयोग केला. छतावर आभाळाकडे तोंड केलेली काळी तबकडी ठेवून, तिच्यातल्या आणि हवेतल्या फरकावर त्यांनी अंधारात एक छोटा एलईडी पेटवून दाखवला. चौरस मीटरला 25 मिलिवॉट मिळाले. दिव्यासाठी ही वीज अपुरी आहे, पण शेतातला ओलावा मोजून रात्रीतून एकदा कळवणाऱ्या सेन्सरला पुरेशी आहे.

सामानाचं सांगून थांबतो. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत चाळीस मिलिमीटरची पेल्टियर वडी काही शे रुपयांत मिळते. तिच्यात 127 जोड्या असतात आणि ती एका अंशाच्या फरकाला साधारण 0.05 व्होल्ट देते. गार करण्यासाठी बनवलेल्या स्वस्त वडीतलं झाळकाम 138 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून ती जाळावर थेट धरू नये. चुलीच्या प्रयोगासाठी वीजनिर्मितीची म्हणून विकली जाणारी, जास्त तापमान सोसणारी वडी मागून घ्यावी. कमी दाब वाढवून देणारी चिप हवी असेल तर 20 मिलिव्होल्टपासून चालू होणाऱ्या चिप मिळतात. दोन्ही बाजूंना उष्णता नेणारी पांढरी पेस्ट लावायला विसरू नये, नाहीतर मधली हवाच सगळा फरक खाऊन टाकते. आणि वडी विकत घेण्याआधी दोन थर्मामीटर घ्या. आठवडाभर बंबाच्या, चुलीच्या, माठाच्या, गोठ्याच्या दोन्ही बाजूंची तापमानं सकाळी, दुपारी आणि रात्री वहीत लिहा. पहिलं प्रकरण त्या वहीपासून सुरू होतं.